दर सोमवारी उतरलेली बॅटरी

२ फेब्रुवारी १९९८, सोमवार

उतरलीच! पुन्हा!

मागच्या सोमवारी पूर्ण चार्ज केली होती. हायड्रोमीटर घालून तिन्ही सेलमधलं ॲसिड पाहिलं होतं. आणि आज स्विच ओढला तर दिव्याची तार नुसती लाल. ही प्लायमाऊथ गाडी पाच वर्षांत जागची हललेली नाही, मग करंट जातो कुठे? वायरिंग दोनदा बदललं. एकदा तर बॅटरीची तारच काढून ठेवून आलो. पुढच्या सोमवारी तार लागलेली, तीही अडाण्यासारखी, सैल! लाडबाई म्हणाल्या, लावली असेल कोणी.

नेहमीप्रमाणे सायकलवरून चार्जर नेला, सकाळपासून दुपारपर्यंत बसलो. गाडी भंवरलाल शेठजींची, पण ते गेले, तेव्हापासून तिची काळजी त्यांच्या बायकोलाच, म्हणजे या लाडबाईंना. आल्याचा चहा दोनदा. गुडघ्यांविषयी बोलल्या, मग त्यांच्या लग्नाविषयी, मग माझ्या खोकल्याविषयी. निघताना स्टुलावर चढून बैठकीतल्या घड्याळाला चावी दिली. ते कामही आता माझंच!

माझी बायको चतुरा वारली, तेव्हापासून आठवड्यातून हा एक दिवस माणसाशी बोलणं होतं. खोटं कशाला लिहू?

५ फेब्रुवारी, गुरुवार

एकही गिऱ्हाईक नाही. हल्ली बॅटरी बिघडली की लोक फेकून नवी आणतात. प्लेटा बदलून घेणारे ट्रॅक्टरवाले दोन-चार उरलेत, तेही चेष्टा करतात.

७ फेब्रुवारी, शनिवार

बद्रीनारायण शेठ दुकानात आला. लाडबाईंचा मुलगा. स्वतःहून आला म्हणजे काम असणार, हे मला त्याची स्कूटर थांबताच कळलं.

गाडी विकतो आहे! हैदराबादचा कोणी शौकीन आहे, जुन्या अमेरिकन गाड्या जमवतो. त्याला गाडी चालू हवी आणि अठ्ठेचाळीस साली कंपनीतून निघाली तशीच दिसायला हवी. बॅटरीसुद्धा. काळा रबरी डबा, वर डांबर, उघड्या शिशाच्या पट्ट्या. प्लॅस्टिकची चालणार नाही. मेकॅनिक इंजिन बघून गेला, ठीक आहे म्हणाला. राहिली बॅटरी.

शेठ म्हणाला, "मिस्त्री, अशी बॅटरी करणारा आख्ख्या जिल्ह्यात तुमच्याशिवाय कोणी राह्यला न्हाई."

छाती फुगली माझी, मूर्खाची. हो म्हणालो. तो गेल्यावर लक्षात आलं. गाडी गेली की सोमवार गेला.

९ फेब्रुवारी, सोमवार

बॅटरी उतरलेली. आज चार्ज केली नाही, काढूनच आणली. लाडबाई दारात उभ्या होत्या. चहा दिला. दोघंही घड्याळाकडे बघत बसलो. चावी दिली, निघालो.

जाऊ देऊ नका गाडी, असं म्हणायचं होतं. पण मी कोण म्हणणारा? बॅटरीवाला.

११ फेब्रुवारी, बुधवार

डबा उघडला. वरचं डांबर गरम करून उलथन्याने काढलं, पट्ट्या कापल्या, सेल उपसले. प्लेटा झिजलेल्या, पण कुठेही शॉर्ट नाही. तळाशी गाळही बेताचाच. दर आठवड्याला उतरावी असं हिच्यात काही नाही! मग माझंच काही चुकत होतं की काय? चाळीस वर्षं हे काम करतो आहे. फार लागलं मनाला.

डबा मात्र मूळचा, अमेरिकेतून गाडीबरोबर आलेला. बाजूला उठावाची इंग्रजी अक्षरं. सोड्याने धुतला, रॉकेलच्या फडक्याने पुसला. नव्यासारखा काळाभोर!

१४ फेब्रुवारी, शनिवार

जालन्याहून प्लेटा आणल्या. एसटीत पिशवी मांडीवर घेऊन बसलो. शेजारची बाई म्हणाली, आहेर का? हो म्हणालो.

१६ फेब्रुवारी, सोमवार

गेलो नाही. बॅटरी इथे, तिथे जाऊन काय चार्ज करू? काम नसताना बाईमाणसाच्या घरी चहा प्यायला जाणं बरं दिसत नाही. अकरा वाजता स्टोव्हवर चहा केला. आलं घातलं. पाणचट झाला.

१८ फेब्रुवारी, बुधवार

लिहायला लाज वाटते. तीन सेलपैकी मधला आज उलटा बसवला. जाणूनबुजून. वरून कोणाला कळणार नाही, पट्टी बसली की बॅटरी दिसायला झकास. पण सहा व्होल्टऐवजी दोनच मिळतील. हैदराबादवाल्यासमोर इंजिन हूं की चूं करणार नाही. सौदा मोडेल. गाडी राहील. मी राहीन.

शिसं ओतलं, पट्टी जोडली आणि हात धुऊन बसलो. चतुरा असती तर तोंडावर बोलली असती.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी उठल्याबरोबर पट्टी तोडली. सेल सरळ केला. चाळीस वर्षांत खोटी बॅटरी या हातातून गेली नाही, शेवटची तरी का जावी? दुपारी डांबर ओतलं. ज्योत फिरवून आरशासारखं केलं. त्यात माझं तोंड दिसत होतं. म्हातारा झालोय.

२२ फेब्रुवारी, रविवार

चार्ज पूर्ण. आतलं सगळं नवं, बाहेरून पन्नास वर्षांपूर्वीची. हिच्याइतकी देखणी बॅटरी मी केलेली नाही. दाखवायला कोणी नाही म्हणून शेजारच्या पंक्चरवाल्या कडूबाला बोलावलं. तो म्हणाला, "जुनीच हाय की!" यापेक्षा मोठी शाबासकी कोणती?

२३ फेब्रुवारी, सोमवार

बॅटरी बसवली. या गाडीत अधिकची, म्हणजे प्लसची, तार गाडीच्या पत्र्याला जोडायची असते, आपल्याकडच्या गाड्यांच्या उलट. ते एका कागदावर लिहून हैदराबादवाल्याच्या ड्रायव्हरला दिलं.

स्टार्टर दाबला. दोन आचके, आणि तिसऱ्याला इंजिन लागलं! सगळी गल्ली जमली. शेठ हसत होता. लाडबाई मात्र ओट्यावरून हलल्या नाहीत. सगळे पांगल्यावर एवढंच म्हणाल्या, "लई चांगली केली हो मिस्त्री. कमी चांगली केली असती तर चाललं असतं."

गाडी ट्रकवर चढवून नेली. पत्र्याच्या शेडमध्ये तेलाचा एक डाग राहिला.

गडबडीत घड्याळाला चावी द्यायची राहून गेली. आता ती कोण देणार?

२ मार्च, सोमवार

दुकान उघडलं. बंद केलं.

९ मार्च, सोमवार

कोणाशीही बोललो नाही. आज सोमवार, एवढं लिहिण्यापुरतीच वही उघडली.

२० मार्च, शुक्रवार

शेठ रस्त्यात भेटला. हैदराबादहून फोन आल्ता म्हणाला. बॅटरी फर्स्ट क्लास! दोन आठवडे गाडी नुसती उभी होती, तरी एका दमात सुरू झाली. वायरिंगही ठणठणीत आहे म्हणे.

म्हणजे गाडीत दोष नव्हता. जुन्या बॅटरीतही नव्हता. मग पाच वर्षं करंट गेला कुठे? मी शेठला तसं विचारलं.

"माँ दर इतवारी संध्याकाळी गाडीत जाऊन बसायची," म्हणाला. "दिवे लावायची अन् तसेच ठिवून यायची. आम्हाला वाटायचं, बाबूजींची याद येती. मंग कोण टोकणार?"

आधी संतापलो. पाच वर्षं मी माझ्या हातांना दोष देत होतो, आणि बाई दिवे लावून बसत होत्या! मग राग उतरला. नवऱ्याची गाडी. वाटत असेल बसावंसं. चतुराचं लुगडं मीही अजून दोरीवरून काढलेलं नाही.

ती तार कोणी लावली होती, तेही कळलं.

२१ मार्च, शनिवार

शेठ सकाळी दुकानासमोर थांबला, स्कूटरवरून उतरलाही नाही. लाडबाईंचा निरोप: बैठकीतलं घड्याळ बंद पडलंय, सेल उतरला असेल, मिस्त्रीला सोमवारी यायला सांग. चहा ठेवते.

सेल! ज्या घड्याळाला पाच वर्षं दर सोमवारी मी स्वतः चावी देत आलो, त्याला? दिवे रविवारीच का लागायचे, तेही आता कळलं.

जातो. चार्जरही नेतो.