प्रेंटिससाहेबांचा राजीनामा

लॉसन्स फेरी, अलाबामा
१२ मार्च १९८४

चि. जॉर्जेट हीस ओझेलाआत्याचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

इकडे सर्व क्षेम. तू शिकागोला बसून माझ्या शिवणाच्या कारखान्याचा अर्ज भरून पाठवलास, तो मी सही करून जिल्हा कचेरीत दिला. यंदा शाळांचे पदवीदानाचे झगे काळ्या मालकाच्या कारखान्यातूनच घ्यायचे ठरलंय. ते काम मिळालं तर शेजारचं बंद पडलेलं जोड्यांचं दुकान घेईन म्हणते. आपल्या सायकमोर स्ट्रीटच्या आठ बायका तिथे मशीनवर बसतील. पहिली बर्निस. तिच्या हातची चुणी बघितलीस तर थक्क होशील, आणि ती बाई रोज दोन बस बदलून नदीपलीकडे लोकांच्या फरशा पुसायला जाते. सुट्टीच्या दिवशी येऊन विचारते, काही कळलं का म्हणून.

आता माझा गाढवपणा ऐक. गुरुवारी कचेरीतून किट्रेज नावाचा गोरा तरुण तपासणीला आला. टाय, फाईल, बोलणं अगदी अदबीचं. मी बाप्टिस्ट चर्चच्या गायकांच्या झग्यांना टाचण्या लावत जमिनीवर गुडघे टेकून बसले होते. त्याने विचारलं, मालक आहेत का. जॉर्जेट, तेवीस वर्षांची सवय विचाराच्या आधी तोंडात येते. मी सांगून मोकळी झाले, की प्रेंटिससाहेब नदीवर मासे धरायला गेलेत, आज काही यायचे नाहीत.

त्याने ते लिहून घेतलं, आभार मानले आणि गेला. त्या बिचाऱ्याला काय ठाऊक, की हॉलिस प्रेंटिस नावाचा गोरा मालक मीच मनाने घडवलाय आणि दारावरच्या पाटीपलीकडे तो कुठेच राहत नाही. सुट्टी म्हणून आलेली बर्निस कापडाच्या गठ्ठ्यावर मटकन बसली. काय करून बसले ते मला तिच्या तोंडाकडे बघून कळलं.

प्रकृतीला जप. मायेत खंड पडू देऊ नकोस.

तुझी आत्या,
ओझेला

शिकागो
१९ मार्च १९८४

ती. ओझेलाआत्यास सा. न. वि. वि.

तुझं पत्र ऑफिसात वाचलं आणि एवढी हसले की शेजारच्या बाईने पाणी आणून दिलं. मग पुन्हा वाचलं आणि हसू पळालं.

लहानपणी मी तुला विचारलं होतं, प्रेंटिससाहेब आपल्याकडे जेवायला का येत नाहीत. तू गंभीर चेहऱ्याने म्हणालीस, त्यांना पावटे सोसत नाहीत. मी नवव्या वर्षापर्यंत त्या माणसाची कीव करत होते.

पण आत्या, हे थट्टेवारी नेण्यासारखं नाही. गोऱ्या मालकाने काळ्या माणसाचं नाव पुढे करायचं आणि आपल्यासाठी राखलेलं काम स्वतः लाटायचं, असे प्रकार होतात. ते पकडायलाच तो पोरगा आला होता. त्याला आता वाटणार, तू नुसती नावाची मालकीण. उद्याच्या उद्या कचेरीत जा आणि खरं सांग. चांगली हॅट घालून जा.

रागावू नकोस, लोभ आहे तो वाढूच दे.

तुझीच,
जॉर्जेट

लॉसन्स फेरी
२ एप्रिल १९८४

चि. जॉर्जेट हीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

गेले होते. हॅट घालून गेले होते. किट्रेजने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्यापुढे कागद ठेवला. त्याने सवाना शहरातल्या डगनना फोन केला होता, आपल्याला कापड पुरवतात ना, ते. डगननी छातीठोकपणे सांगितलं, प्रेंटिसना मी वीस वर्षं ओळखतो, दर महिन्याला फोनवर बोलतो, फार सज्जन माणूस. आता तो जाड आवाज कोणाचा होता, ते तुझ्या बापालाच ठाऊक होतं, आणि तो बिचारा आज नाही. अर्ज नामंजूर. सोळा तारखेला समितीपुढे एकदा बाजू मांडता येईल, त्यानंतर दार बंद.

मला जायचं नाही. तू म्हणशील आत्या भ्याली. भ्यालेच. तू तेव्हा पाळण्यात होतीस. तुझे आतोबा वारले आणि याच डगनच्या दुकानाने मला तोंडावर सांगितलं, की काळ्या बाईच्या नावाने आम्ही खातं उघडत नाही. त्याच वर्षी कोपऱ्यावरच्या आपल्यातल्याच हेस्टरची लॉन्ड्री भरभराटीला आली आणि एका रविवारी आम्ही सगळे चर्चमध्ये असताना जळली. हेस्टरने पाटीवर स्वतःचं नाव मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. मी प्रेंटिस लिहिलं आणि मला कोणी हात लावला नाही. आता चार परक्यांसमोर उभं राहून सांगू, की मी तेवीस वर्षं लपून बसले होते? लाज वाटते गं.

बर्निसला नकाराचं सांगितलं. तिने फक्त पुढची बस कधी ते बघावं तसं घड्याळाकडे बघितलं. तेवढं मात्र मनाला लागलं.

आठवण ठेव, माया ठेव.

तुझी आत्या,
ओझेला

शिकागो
७ एप्रिल १९८४

ती. आत्यास सा. न. वि. वि.

आज थोडक्यात लिहिते, कारण रागात आहे. जन्मलाच नाही त्या माणसाचा मृत्यूचा दाखला मिळत नाही, मी वकिलाला विचारलं. तेव्हा त्याला तूच घालवायला हवं.

लाज कसली? जळू नये म्हणून तू एक माणूस निर्माण केलास आणि त्याच्या आडून आख्खं घर उभं केलंस. बाबांच्या मागे माझं कॉलेज कोणी केलं? प्रेंटिसने नाही केलं. मी इथे माझ्या नावाच्या पाटीमागे बसते ती तुझ्या टाचण्यांच्या जोरावर, आणि हे मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. मला तुझा केवढा अभिमान आहे, हे तुला कधी धड सांगितलं नव्हतं, म्हणून लिहिलं.

जा. राग मानू नकोस, प्रेमात राहू दे.

जॉर्जेट

लॉसन्स फेरी
२० एप्रिल १९८४

चि. जॉर्जेट हीस आत्याचे उदंड आशीर्वाद, वि. वि.

गेले. बर्निस कामावर खाडा करून सोबत आली. समितीत तिघे होते, मधल्या बाई अध्यक्ष. त्यांनी विचारलं, प्रेंटिस नाहीत याला पुरावा काय. मी म्हटलं, पुरावा नाही, पण फोन असला तर त्यांना बोलावते. बाईंनी भुवया उंचावल्या, पण त्याच लाइनवरच्या, दुसऱ्या टेबलावरच्या फोनचा रिसीव्हर स्वतःच्या कानाला लावला आणि मला नंबर फिरवू दिला.

डगननीच उचलला. मी पोट आत घेतलं आणि प्रेंटिससाहेबांच्या आवाजात मागच्या मरून रंगाच्या कापडाबद्दल त्यांना चांगलं फैलावर घेतलं. ते होय साहेब, होय साहेब करत राहिले. वर म्हणाले, तुमच्याकडची ती ओझेला कशी आहे, हुशार बाई आहे, सोडू नका तिला. कडेला टिपणं घेत बसलेल्या किट्रेजच्या हातातली पेन्सिल माझा तो आवाज ऐकून केव्हाच खाली पडली होती.

मग मी माझ्या आवाजात बोलले. "डगन, मीच ओझेला. प्रेंटिस कधी नव्हताच. पहिल्या दिवसापासून मीच आहे."

 मग त्यांनी हळूच विचारलं, सोळा गठ्ठे उजेडात धरून, विणीतला एकेक दोष दाखवून परत पाठवणारा मालक कोण होता. म्हटलं, तोही मीच.  मग ते घसा खाकरून म्हणाले, "मिसेस मॅब्री, मरून कापड किती पाठवू?"

तेवीस वर्षं त्या माणसाला मी नुसती ओझेला होते, मिसेस म्हणायचं ते फक्त गोऱ्या बायकांना. मी ओठ घट्ट मिटून उभी राहिले, बर्निस मात्र मोकळेपणी रडली. अध्यक्षबाईंनी रिसीव्हर ठेवला आणि प्रेंटिस आता कुठे आहेत असं विचारलं. मी सांगितलं, आत्ताच कामावरून काढलं.

काल मंजुरी आली आणि करारावर सह्या झाल्या. आजवर प्रत्येक कागदावर मी आधी 'प्रेंटिस यांच्याकरिता' लिहायची आणि त्याखाली कोपऱ्यात बारीक सही करायची. काल सवयीने पेन तिथेच खाली गेलं. मग वर आणलं आणि मालक लिहिलं होतं त्या जागेवर पूर्ण नाव लिहिलं. एवढ्या मोठ्या अक्षरांत, की किट्रेजला त्याचा शिक्का मारायला जागा उरली नाही. त्याने पानाच्या मागे मारला.

बर्निस सोमवारपासून येते आहे, पायी. लोभ करत राहा, तुझ्याखेरीज मला दटावणारं आता कोणी उरलं नाही.

तुझी आत्या,
ओझेला मॅब्री
मालकीण