सड्यावरून घोडीचा ट्रेलर

३ मे १९८४, गुरुवार.
नात कमळा हिचा विवाह येत्या बुधवारी. नवरदेव आमच्या वाडीत घोडीवरून प्रवेश करील, असा शब्द मी तिच्या सासऱ्यांना देऊन बसलो आहे. डांबरी सडक वाडीच्या बरीच अलीकडे संपते. पुढे उघडा कातळाचा सडा, मग उतार आणि वाडी. सौ. म्हणाली, "घोडं आपल्या पायानं चालतं म्हणतात." कोल्हापूरची घोडी ही! जांभ्या दगडावर तिचे खूर टिकणार नाहीत. ती ट्रेलरमधूनच येईल.

५ मे, शनिवार.
ट्रेलर पाहिला. त्याची लांब लोखंडी मान ट्रकच्या हौद्यावर येऊन मधोमध टेकते. मान आणि हौद्याचा मागचा लाकडी फाळका ह्यांत चार बोटे अंतर आहे. सपाट सडकेवर मी स्वतः मोजले. ड्रायव्हर हरिश्चंद्र ह्याने विचारले, "गुर्जी, बोटां कुणाची? तुमची का माजी?" रात्री झोप आली नाही. उकाडा होता.

८ मे, मंगळवार, सकाळ.
घोडी ट्रेलरमध्ये चढली. फार मोठी आहे. मी ट्रकमध्ये बसणार होतो. तथापि मार्गाचे निरीक्षण पायीच उत्तम होते, हे ध्यानात आले.

त्याच दिवशी, संध्याकाळ.
अक्षर वाईट येत आहे.
सड्याच्या कडेवर ट्रकचे तोंड उतारात गेले आणि मागील फाळका वर उचलला जाऊ लागला. चार बोटांची दोन झाली, मग एक, मग लोखंड लाकडावर बसले. मी "थांब" असे ओरडलो; आवाज मात्र निघाला नाही. फाळका फुटला. ट्रेलर कडेवर लटकला. आत घोडी लाथा झाडू लागली. कोणीतरी मागचे दार उघडणे अत्यावश्यक होते. समग्र परिस्थितीचे अवलोकन करता यावे म्हणून मी करवंदीच्या जाळीमागे उभा राहिलो. गलका ऐकून वाडीतून सौ. वर आली. तिने दार उघडले, "ये गो बाय, भिऊ नको," असे म्हणून लगाम धरला आणि घोडी तिच्यामागून निमूट उतरून गेली. "भिऊ नको" हे तिने जाळीकडे पाहून म्हटल्याचा हरिश्चंद्राचा दावा निराधार आहे.

९ मे, बुधवार.
वऱ्हाड सड्यावर आले. दिलेला शब्द पाळला जाण्याचा क्षण. घोडी सजवून उभी केली होती. नवरदेवाने तिच्याकडे एकवार पाहिले आणि सर्वांदेखत तो म्हणाला, "मला भीती वाटते. मी चालतच येतो."
लोक हसले. त्याचे वडीलही हसले. कमळाला हे कळले तेव्हा तीही हसली, आणि ती प्रसन्न दिसली. कोणाचेही काही बिघडले नाही.
रिकाम्या घोडीने मांडवाच्या दाराची केळ खाल्ली.
लग्न लागल्यावर नातजावई माझ्याजवळ आला व हळूच म्हणाला, "आजोबा, तुम्हालाही?" मी "छे!" म्हटले. त्याने माझा हात धरला आणि घोडीपासून बराच लांबचा वळसा घेऊन मला जेवायच्या पंगतीत नेऊन बसवले.