सात नंबरच्या पेटीला पाक

२ सप्टेंबर २००६, बर्लिन
सात नंबरच्या पेटीत शंभर मधमाश्यांमागे नऊ गोचीड. व्हरोआ — तांबडा, मोहरीहूनही लहान, आणि अख्खी वसाहत संपवतो! पिलांना चिकटतो, माश्या चुरगळलेले पंख घेऊनच जन्मतात. इतर माश्या त्यांना ओढत दाराबाहेर टाकतात.

औषध कपाटात आहे. पण सात नंबर म्हणजे कंट्रोल, तुलनेसाठी मुद्दाम औषधाविना ठेवलेली. म्हणून तर ती एकटी, कुंपणाशी. प्रोफेसरबाई म्हणाल्या, "हात लावलास की आकडे गेले." माझी पीएचडी म्हणजे नुसतं मरण मोजणं.

९ सप्टेंबर
सतरा.

१४ सप्टेंबर
कुंपणापलीकडे हेर ब्रांटची बाग (हेर म्हणजे इथलं 'श्रीयुत'). चाळीस वर्षं माश्या पाळतात. आठ पेट्या, बायको गेल्यापासून त्याच घरची माणसं. मला सफरचंदं देतात. आज सात नंबर बघून म्हणाले, "हे बघा, दार तरी लहान करा. अशक्त घराला राखण जमत नाही." म्हटलं, कंट्रोल आहे, हात लावायचा नाही.

१६ सप्टेंबर
आईचा फोन. तिला सगळं सांगितलं, पेटीत मध थोडाच उरलाय हेही. "औषध नको तर नको, पण उपाशी का मारतेस? जाणाऱ्याच्या तोंडात पाणी घालतात गं."

फार रडले. मग साखरेचा पाक केला आणि पेटीत ठेवून आले. थोडा दारावर सांडला. प्रयोगाच्या वहीत लिहिलं नाही.

१८ सप्टेंबर
दारात गर्दी! शेकडो माश्या, आत-बाहेर लगबग. आईच्या पाकाने जगल्या! हेर ब्रांटना सांगायचं होतं, पण ते मुलीकडे गेलेत.

२१ सप्टेंबर
पेटी उघडली. मध नाही, पाक नाही. तळाला मेणाचा भुगा, राणी मेलेली. ती गर्दी आमची नव्हतीच. दुसरीकडच्या माश्या पाकाच्या वासाने लुटायला आल्या होत्या. मध नेला, आणि अंगावर गोचीडही नेले असणार. कुठे, ते माहीत नाही. माहीत करून घ्यायचा धीरही नाही.

१४ ऑक्टोबर
हेर ब्रांटनी कुंपणावरून हाक मारली. तळहातावर चुरगळल्या पंखांची माशी. "फ्राऊ कीर्ती, आठही पेट्यांत. औषध तर मी ऑगस्टमध्येच दिलं होतं. तुम्ही शिकलेल्या — सांगा, कुठून आलं असेल?"

म्हटलं, मोजून सांगते. त्यांनी सफरचंदांची पिशवी पुढे केली. मी घेतली.