रांगडी निवृत्त होणार नाही

३ मार्च, रविवार

म्हणे रांगडीला निवृत्त कर! माझ्या रांगडीला!

दोन वर्षं झाली, दर रविवारी दुपारी दातवाल्याच्या बंद दवाखान्यात आम्ही चौघं फाशांवर चालणारा गोष्टीचा खेळ खेळतो, प्रत्येकाचं आपलं एक पात्र. पेशंट बसतात त्या खोलीत, गुडघ्याएवढ्या टेबलाभोवती. दादा गोष्ट चालवतो — गुहा, राक्षस, सगळं त्याच्या डोक्यातलं. वहिनीची जोगीण जखमा बऱ्या करते. दातवाला, म्हणजे दादाचा शाळेपासूनचा मित्र, जादूगार. आणि माझी रांगडी — तलवार, ढाल, बास. बाकी फासे पडतील तसं.

आज समोर सात राक्षस. मी फासे खुळखुळवतेय तोवर दातवाल्याने आगीचा एक गोळा टाकला. सातही खलास! माझी पाळी आली तेव्हा मारायला कोणी उरलंच नाही. "तू राख झाड," म्हणाला. वर हसला.

मग समजुतीचा सूर. "अगं, आपण नवव्या पातळीला आलो. आता तलवार म्हणजे नुसतं ओझं. तूही जादूगारीण हो." आणि दादा मान डोलावतोय! पुढच्या रविवारी नव्या पात्राचा कागद घेऊन ये म्हणे.

आणते हं. बघत बसा वाट.

५ मार्च

सातव्या मजल्यावर अडकलेली लिफ्ट. ब्रेक झिजलेले. सोसायटीचे सेक्रेटरी माझ्या हातातल्या पान्याकडे बघत विचारतात, "मेकॅनिक कधी येणार?" म्हटलं, आलाय. तोच बोलतोय!

सगळीकडे हेच. दिवसभर डोकं तापलेलं.

६ मार्च

सापडलं! सापडलं!!

वहिनीकडून नियमांचं पुस्तक आणलं होतं. दोन वर्षांत कधी उघडलं नव्हतं, दादा सांगेल ते खरं. आज डबा खाताना लिफ्टच्या मशीनरूममध्ये बसून वाचलं. जादूगाराचे मंत्र मोजके असतात. संपले की पूर्ण झोप काढल्याशिवाय परत मिळत नाहीत. आणि पूर्ण झोप चोवीस तासांत एकदाच!

आम्ही काय करतो? प्रत्येक लढाई झाली की तंबू ठोकतो! गोष्टीत अकराला मारामारी, सव्वाअकराला सगळे घोरतायत. मग दातवाल्याची मंत्रांची पोतडी कायम भरलेली असणारच की! तलवार काही संपत नाही. रांगडी दिवसभर लढू शकते — पण तिला अख्खा दिवस कधी मिळालाच नाही.

७ मार्च

दादाला फोन. आधी विषय बदलला. मग म्हणाला, "ते आपलं आपण ठरवलेलं आहे. जाऊ दे ना."

का जाऊ दे?

१० मार्च, रविवार

नवा कागद नेलाच नाही. पुस्तक नेलं, पानात खूण घालून.

दातवाला म्हणाला, "इतके दिवस नीट चाललंय ना?" मी म्हटलं, "तुमचं चाललंय!" त्याचे कान लाल झाले. वहिनी मध्ये पडली, "एकदा खेळून तर बघू." दादा माझ्याकडे बघतच नव्हता. "तुलाच जड जाईल," एवढंच म्हणाला.

जाऊ दे जड. ठरलं — एक किल्ला, एक दिवस, सहा लढाया, मध्ये झोप नाही. रांगडी कुचकामी ठरली तर तिचा कागद मी माझ्या हाताने फाडीन. बोलून तर बसलेय.

१७ मार्च, रविवार

काय दिवस होता!

पहिल्या दोन लढायांत दातवाल्याने नेहमीसारखी उधळपट्टी केली. गोळे काय, विजा काय! तिसरीत हात आखडला. चौथीत त्याच्या कागदावरच्या मंत्रांच्या सगळ्या चौकटी खोडून झालेल्या. "आता मी काय करू?" म्हटलं, "हातात काठी आहे ना? हाणा!" हाणली. चुकली. वहिनी इतकी हसली की पाणी नाकात गेलं.

पाचव्या लढाईत हळू आवाजात म्हणाला, "अगं, जरा माझ्यापुढे उभी राहतेस का?"

हे लिहून ठेवते. दोन वर्षांत पहिल्यांदा!

पण रांगडीही फाटलीय. नव्वदपैकी एकोणीस जीव उरलाय. जोगिणीकडेही आता काही नाही. सहावी लढाई पुढच्या रविवारी.

१८ मार्च

वहिनी घरी आली. चहा होईपर्यंत चुळबुळ करत होती, मग म्हणाली, "तुला खरंच आठवत नाही?"

पहिल्याच रविवारी, पहिल्याच तासात रांगडी मरता मरता वाचली होती. मी फासे भिरकावले आणि उठून गेले. तीन रविवार फिरकले नाही, फोन घेतले नाहीत. "मग हे म्हणाले, तिचं पात्र पडायला नको. दर लढाईनंतर झोप देऊ या, जखमा भरून निघतील. डॉक्टर लगेच हो म्हणाले. तुला सांगायचं नाही असं ठरलं."

म्हणजे ती झोप माझ्यासाठी होती! दातवाल्याची पोतडी माझ्या रुसव्याने भरत होती!

आठवलं. फासे भिरकावलेले आठवले. लाज वाटली, खूप वाटली. मग राग आला. मला विचारलं होतं कोणी? मी काय काचेची आहे?

वहिनी जाताना म्हणाली, "हवं तर ह्यांना सांगते, सहावी लढाई सोपी करा."

म्हटलं, सांगून तर बघ!

२४ मार्च, रविवार

रांगडी गेली. किल्ल्याच्या फाटकात, ढाल आडवी लावून. मागे दोघंही जिवंत.

दातवाल्याने चष्मा काढून पुसला. दादा चाचरत म्हणाला, "मध्ये एक झोप झाली होती, असं धरू या का?"

म्हटलं, "खबरदार! मेलीय ती. नीट मरू दे."