शेंदराचा हात

तीर्थरूप बाबा,

नंदनवन कॉलनीतून तुमच्या मयुराचा नमस्कार. आम्ही इकडे बरे आहो. आईचे गुडघे कसे आहेत?

मागच्या महिन्यात इथं दिलेल्या तुमच्या रक्ताचा रिपोर्ट आला. घाबरू नका. फोनवर तुम्ही विषय बदलता, म्हणून लिहून राहिली. रक्तात शिसं निघालं. डॉक्टर म्हणाले, शेंदरात तेच असते. तुमचे हात काहून थरथरतात, ते आता समजलं.

दर शनिवारी गावच्या मारुतीले उघड्या हातानंच शेंदूर चढवायचा, ही आपल्या घराची रीत मले माहीत आहे. पणजोबांच्या वेळी शेंदराची जाड खोळ गळून पडली, आतून वीतभर मूर्ती निघाली अन् गावानं ती खोळ वाजतगाजत कन्हान नदीत सोडली, हे तुम्हीच सांगितलं. देवानं अंगावरचं उतरवलं. तुमच्या रक्तातलं कसं उतरणार?

सोबत रबरी हातमोजे पाठवून राहिली. देव रागावला तर माझं नाव सांगा.

एक सांगायचं राहिलंच. हनुमान जयंतीले तुम्ही माझ्या चिनूले टिळा लावला, तेव्हा तिनं तुमचं बोट चोखलं होतं. आठ महिन्यांची पोर, तिले काय समजते? काल तिचंही रक्त दिलं.

रिपोर्ट शनिवारी येणार आहे. त्या दिवशी चिनूच्या नावानं मारुतीले शेंदूर चढवा बाबा. पण मोजे घालून.

तुमचीच,
मयुरा