ज्यांचा दहावा केला, त्यांस

पेती राफ्रे,
गुरुवार, ता. ९ एप्रिल १९६४

बलराम यांस, इंद्राणीचा नमस्कार.

मायन्यावरच माझे तीन कागद फुकट गेले. राजलक्ष्मीबाई आम्हा बायकांना गावच्या संध्याकाळच्या शाळेत, बैठकेत, शिकवतात, की वडीलधाऱ्याला तीर्थरूप, धाकट्याला चिरंजीव आणि गेलेल्याला कैलासवासी. ज्याचा दहावा आपण केला आणि जो परवा रियांबेलच्या वाळूत बसून माशांचा पिंजरा विणताना दिसला, त्याला काय लिहायचं ते त्यांनी शिकवलेलं नाही. चिरंजीव शोभलं असतं म्हणा. शेवटी नुसतं नाव लिहिलं. नवऱ्याचं नाव मी जन्मात एकदाच घेतलं होतं, उखाण्यात, तेही बायकांनी दार अडवलं म्हणून.

तुमची आई आणि मी, आम्ही दोघी इकडे खुशाल आहोत. तुमची खुशाली मी डोळ्यांनीच पाहिली आहे, तेव्हा विचारत नाही.

हे अक्षर कोणाचं, असं तुमच्या मनात आलं असेल. माझंच आहे. तुम्ही गेलात तेव्हा मी अंगठा उठवत होते. पाकीट तिथल्या चिन्याच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवते आहे, वर ‘मिस्ये रोजे’ असं तुमचं तिथलं नाव लिहून. आतलं देवनागरी तिथे दुसऱ्या कोणाला वाचता यायचं नाही, हे त्यातल्या त्यात बरं.

लॉरी चांगली आहे. तुमच्या मागे ती सहा महिने अंगणात उभी होती आणि कोंबड्या तिच्यात अंडी घालायच्या. मग म्हाताऱ्या हरिलालना म्हटलं, मला शिकवा. ते म्हणाले, बाईमाणसाचा पाय ब्रेकला पोचत नाही. मी बसून दाखवलं, पोचला. आता तोडणीच्या दिवसांत मीच कारखान्यापर्यंत ऊस वाहते. लॉरीचे कागदही माझ्या नावावर आहेत. पहिल्या वर्षी गाव हसलं, दुसऱ्या वर्षी हसणं जुनं झालं.

तोडणी नसते त्या महिन्यांत लॉरीवर घर चढतं. हे तुम्हाला ठाऊक नाही. कारोल वादळात गोठ्याचं छप्पर उडून शेजाऱ्याच्या शेतात पडलं होतं, तेच पत्रे आणि जुन्या खोक्यांच्या फळ्या घेऊन सुताराकडून एक खोली करून घेतली. चार माणसं ती उचलून लॉरीच्या पाठीवर ठेवतात, आम्ही दोर आवळतो. आत दोन बाकं, एक प्रायमस, पाण्याचा पिंप आणि आईंची गादी. गोऱ्या लोकांची समुद्रावर सुट्टीची घरं, काम्पमां, असतात ना, तसं आमचं हे चार चाकांचं. शनिवारी दुपारी निघायचं, रविवारी दिवेलागणीला घरी. मागे मेदोर उभा, शेपूट हलवत, कान वाऱ्यावर.

हौस म्हणून नव्हतं हो हे. आई हट्ट धरून बसायच्या, की बलरामला जिथे समुद्राने नेलं तिथे मला शनिवारी बसायचं. ग्रां गोबला, जिथे वादळानंतर तुमचा सदरा सापडला तिथे. तिळाचं पाणी सोडायच्या आणि हलायच्या नाहीत, शेवटची बस निघून जायची. म्हणून ती खोली. पुढे ग्रां गोबला जीव रमेना, तेव्हा त्याच म्हणाल्या, “आगो, समुद्र येकच हाय. कुठून बी वतलं तरी त्याला पोचतंय.” मग आम्ही पूद्र दोर पाहिलं, बेल मार पाहिलं. आई त्या वाळूवर बसून खेकडे मोजायच्या आणि हसायच्या. मीही हसायचे. तुमच्या नावाने सुरू झालेलं हे फिरणं आमचं सुख होऊन बसलं होतं.

त्या सदऱ्याबद्दल एक बोलते. तो घडी करून ठेवलेला होता, वर दगड. नऊ वर्षांच्या संसारात तुम्ही सदऱ्याची घडी केलेली मी पाहिली नव्हती. मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण रडणाऱ्या माणसाला घड्या दिसत नाहीत.

मेदोर मागच्या डाव्या पायाने लंगडतो आहे. हळद लावते. त्याचं पुढे लिहीन.

शनिवारी आम्ही प्रथमच दक्षिणेला आलो. सुयाक ओलांडून रियांबेलला सुरूच्या झाडांत लॉरी लावली. रात्री आईंनी ओट्यावर बसावं तसं लॉरीच्या फळीवर बसून मला जुन्या ओव्या म्हणून दाखवल्या. रविवारी सकाळी मी चहाचं आधण ठेवलं, तेवढ्यात मेदोर उठला, नाक वर केलं आणि सुटला. हाकेला थांबेना. मी चमचा हातात घेऊनच त्याच्या मागे गेले.

झाडांच्या पलीकडे पत्र्याची झोपडी, पुढे होडी, आणि पाठमोरा एक माणूस बांबूच्या कामट्या विणत बसलेला. मेदोर त्याच्याजवळ जाऊन पोटावर आडवा झाला. भुंकला नाही, लहान मुलासारखा कण्हत होता. त्या माणसाने न बघताच हात मागे नेला आणि त्याचा उजवा कान दोनदा दुमडला. असा कान जगात एकच माणूस दुमडतो.

पायाखालची वाळू सरकते म्हणतात, ते मी खऱ्याच वाळूवर उभी राहून अनुभवलं. मनात काय आलं विचाराल, तर काहीच नाही. आधण उकळून गेलं असेल, एवढंच आलं.

मग तुम्ही कुत्र्याकडे पाहिलंत. उठलात. चारी दिशांना पाहिलंत. मी झाडाआड होते. “आले! आले!” असं क्रेओलमध्ये जा, जा म्हणत त्याला हाकललंत, तो पायांत घोटाळत राहिला. आतून ती मुलगी धावत आली, “पापा, सा लिस्यें-ला पू कि सान्ला?” कुत्रा कोणाचा म्हणून विचारत होती. तुम्ही म्हणालात, “मो पा कोन ली.”

ओळखत नाही.

आणि दगड उचललात. पहिला चुकला. तरी तो शेपूट हलवत तिथेच उभा, त्याला वाटलं खेळ आहे. दुसरा पायावर बसला. तो ओरडला तेव्हा मुलगी रडायला लागली आणि तुम्ही आत जाऊन दार लावून घेतलंत.

मी लॉरीशी परत आले. आईंना चहा दिला. त्या म्हणाल्या, यात चहाची पूडच नाही. नुसतं दूधपाणी उकळून साखर घालून मी त्यांच्या हातात दिलं होतं.

थोड्या वेळाने तुमची बाई आली. मेदोरला कडेवर घेऊन आली, एवढा मोठा कुत्रा, तिच्या झग्याला रक्त लागलेलं. म्हणाली, माफ करा मादाम, माझा माणूस कुत्र्यांना घाबरतो. आमच्या पिंपातलं पाणी न घेता स्वतःच्या विहिरीचं पाणी आणून तिने जखम धुतली. मुलगी शेजारी उभी. तिचे पुढचे दोन दात पडलेले आहेत. मी विचारलं, केवढी? ती म्हणाली, नाताळात सात पूर्ण होतील. वादळाला चार वर्षं झाली, बलराम. हा हिशोब मला बैठकेत जायच्या आधीही आला असता.

तिने आपणहून सांगितलं. रोजे पूर्वी महिन्यातून दोनदा लॉरी घेऊन यायचा. वादळात त्याची लॉरी समुद्रात गेली, मागे कोणी उरलं नाही, तेव्हापासून इथेच आहे. म्हणजे तिच्याही वाट्याला अर्धंच खरं आलं आहे. महिन्यातून दोनदा तुम्ही लॉरीचं सामान आणायला म्हणून पोर्ट लुईला मुक्कामाला जात होता. रस्त्यात फार भूक लागते म्हणायचात, म्हणून मी दोघांपुरत्या भाकऱ्या बांधून द्यायचे. तिचा मला राग यायला हवा होता. नाही आला. तिने विचारलं, कुत्रा तुमचा का? मी म्हटलं, माझाच.

दुपारच्या आत आम्ही निघालो. आईंना काही सांगायचं नाही, असं मी स्टीअरिंगवर हात घट्ट धरून ठरवलं. रोझ बेलपर्यंत गाडी कशी आणली ते आठवत नाही. तिथे इंजिनाला पाणी घालायला थांबले, तर आई आत बसल्या बसल्या समोर बघत म्हणाल्या, “हडकलाय गो. तिकडं त्याला भाजी घालत नसतील.”

डबा माझ्या हातून पडला. मी आंधळी कोशिंबीर खेळत होते आणि त्या उघड्या डोळ्यांनी बसल्या होत्या. कुत्रा ओरडला तेव्हा त्या खाली उतरल्या होत्या. त्यांनी सगळं पाहिलं, दगडसुद्धा. मी म्हटलं, “आई, हाक का नाही मारलीत?” तर म्हणाल्या, “मेल्या माणसाला हाक मारू नये, त्याचं चित्त आडकतंय.” मग पदर तोंडावर घेऊन घरापर्यंत हुंदका न काढता रडल्या.

मंगळवारी त्यांनी भटजींना बोलावलं. तुमचं नाव घेतलं नाही. एवढंच विचारलं, की ज्याची पुतळा करून क्रिया झाली असा माणूस परत आला तर? तुमचा पुतळा आठवतो म्हणून सांगते, तुम्ही पाहिलेला नाही. शास्त्रात पळसाची पानं सांगितली आहेत, इथे पळस कुठला? म्हणून उसाच्या पाल्याचा केला आणि त्याला अग्नी देताना मी पाहिलं. भटजींनी पोथी काढली. म्हणाले, तो माणूस जगाला मेला. परत यायचं तर त्याने नव्याने जन्मायचं. तुपाच्या घागरीचा विधी आहे, मग जातकर्म, मग बारसं, आणि बायको असेल तर तिच्याशी पुन्हा लग्न लावायचं, अंतरपाटापासून. त्याशिवाय ती त्याची नाही आणि तो तिचा नाही.

भटजी गेल्यावर आईंनी त्यांचा पाट उचलून ठेवला. मग म्हणाल्या, “जनम दियाचा तर मी पुन्यांदा दीन. आई हाय, करनार काय? लगीन तुजं तू बघ.”

मी दोन दिवस तेच बघते आहे.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. झाडाआड उभी होते तेव्हा मनात काहीच आलं नाही, असं वर म्हटलं. ते खोटं आहे. तुम्ही कान दुमडलात त्या क्षणी माझ्या मनात आलं, आता लॉरी जाणार. माझा नवरा जिवंत आहे, आणि मला आनंद झाला नाही. भीती वाटली. पुन्हा चुलीपाशी बसायचं, पुन्हा दोघांच्या भाकऱ्या बांधायच्या, पुन्हा अंगठा. त्या भीतीने मी जेवढी हादरले तेवढी तुम्हाला पाहूनही हादरले नाही. चार वर्षं मी तुमच्यासाठी खरी रडले आहे, ते रडणं खोटं नव्हतं. पण त्याच चार वर्षांत मी मोठी झाले.

पहिल्या लग्नाच्या वेळी मी पंधराची होते. कोणी विचारलं नाही, मीही बोलले नाही. या खेपेला मात्र विचारावं लागेल, कारण आता मी अठ्ठावीस वर्षांची आहे आणि माझ्या वतीने हो म्हणायला कोणी उरलेलं नाही. म्हणून तुम्ही विचारायच्या आधीच सांगते. माझं उत्तर नाही असं आहे. पोलिसात जाणार नाही, भावकीत बोलणार नाही, तुमच्या त्या बाईला तर मुळीच सांगणार नाही. ते काम तुमचं आहे, आणि ती चांगली आहे म्हणून ते लवकर करा.

आईंची गोष्ट वेगळी. सोमवारी पाडवा आहे. सकाळी गुढी उभारली की मी राजलक्ष्मीबाईंकडे जाईन आणि संध्याकाळीच परतेन. घरी त्या एकट्या असतील. मागचं दार उघडं ठेवायला सांगितलं आहे. त्यांनी पालेभाजी करायचं ठरवलं आहे, आणि ती एका माणसापुरती नाही. मुलीलाही आणा. नातीने आजीला बघायला विधी लागत नाही. मेदोरला मी बरोबर घेऊन जाईन, तो तुम्हाला दिसणार नाही.

मी परत येईन तेव्हा तुम्ही गेलेले असा. माझं कपाळ पांढरं आहे ते तसंच राहू द्या. चार वर्षांपूर्वी ते लोकांनी पुसलं, आजपासून ते मी ठेवलं आहे.

तुमची विधवा,
इंद्राणी