नियाज कागद्याची चौकशी

पौष वद्य ३

मला पंच नेमलं! सरकारवाड्याचा शागीर्द सकाळीच येऊन सांगून गेला. नियाज कागदी चौकीत कसा मेला याची चौकशी मी आणि दिगंबरपंतांनी करायची. दिगंबरपंत म्हणजे दरबारातली मोठी असामी. मी कोण? कसब्यातला एक म्हातारा, मुलांना अक्षरं शिकवणारा. पण पेठेत माझा शब्द खोटा म्हणून कोणी सांगणार नाही, एवढं खरं.

नियाजला मी ओळखत होतो. कागदीपुऱ्यात कागद बनवणारा गरीब, हसरा माणूस. जमादार मच्छिंद्रनं चोरीचा माल कुठंय ते सांग म्हणून धरून नेला तेव्हा धडधाकट होता. दुसऱ्या दिवशी प्रेत बाहेर आलं. जमादार म्हणतो, पोटशूळ उठला! सारी पेठ सरकारवाड्यासमोर जाऊन बसली, तेव्हा कुठं ही चौकशी.

ही असती तर आज गोड केलं असतं तिनं. कोणाला सांगू? भात टाकला आणि हे लिहायला बसलो.

पौष वद्य ४

दारोदार फिरलो. या, जे पाहिलंत ते सांगा, भिऊ नका. बजरंग तांबटाचं घर चौकीच्या पाठीला लागून. त्यानं हातोडा थांबवला नाही की मान वर केली नाही. "चौकशी कोणाची, पंत? जमादाराची की नियाजची?" शेजारच्या आनंदीबाई तर हसल्याच. "चौकशी संपली की जमादाराला शेला मिळेल, बघाल तुम्ही. तुम्हालाही एखादं उपरणं."

मला राग आला. घरी बसून नाकं मुरडायला काय लागतं!

पौष वद्य ५

दिगंबरपंत म्हणाले, पंचायत चौकीतच बसवू. मी म्हटलं, अहो, जमादाराच्या नाकासमोर कोण तोंड उघडणार? गणपतीच्या देवळात बसू. सभामंडपात, देवासमोर, प्रत्येकानं बेलभंडार उचलून शपथ घ्यायची. खोटं बोलायची कोणाची छाती होणार नाही.

दिगंबरपंत हसले. "वा! उत्तम सुचवलंत." माझी छाती फुगली, खोटं कशाला बोलू.

पौष वद्य ६

कोणी आलं नाही.

पौष वद्य ८

आजही नाही! कालही नाही! ताम्हनातले बेल सुकून गेले. दिगंबरपंत विडा चघळत म्हणाले, "लोकांना बोलायचंच नाही, त्याला आपण काय करणार? उद्यापर्यंत पाहू, मग जमादार निर्दोष म्हणून कळवू."

येताना बजरंगच्या दारावरून आलो, त्यानं पाठ फिरवली. आनंदीबाई रोज वाटीभर ताक देतात, आज दिलं नाही. मी काय जमादार आहे? ज्यांच्यासाठी मरतोय तेच माझं तोंड बघत नाहीत. दिवसभरात कोणाशी म्हणून बोललो नाही. वीट आलाय.

पौष वद्य ९

मी गाढव आहे.

दुपारी देवळातून मागच्या दारानं निघालो. पलीकडे चिंचेखाली कागदीपुऱ्यातली पाच-सहा माणसं बसली होती, त्यांत नियाजची बहीण रशीदा. भावजय नवरा गेल्यावरच्या इद्दतीत, दाराबाहेर पडू शकत नाही, म्हणून ही आलेली. मी ओरडलोच तिच्यावर. "इथं काय बसलात? आम्ही वाट बघतोय, आत या ना!"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "आत कुठं, पंत? पायरीवर बसलो तर पुजारी उठवतो. पहिल्या दिवसापासून इथंच आहोत आम्ही."

देवा रे! नियाजला शेवटचं पाहिलं ते यांनी. बोलणार ते हे. आणि मी त्यांना देवळात बोलावलं! शपथही बेलभंडाराची! माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. दिगंबरपंतांच्या आलं होतं. म्हणून हसले ते.

पौष वद्य १०

आज दर्ग्याच्या ओसरीवर बसलो. दिगंबरपंतांना निरोप धाडला होता, उत्तर आलं की प्रकृती ठीक नाही. बरंच झालं. मी आणि एक कारकून.

रशीदानं कुराणावर हात ठेवला. आवाज जराही हलला नाही. संध्याकाळी ती चौकीत भाकरी घेऊन गेली होती. नियाजला भाकरी धरता येईना. दोन्ही हातांची बोटं मोडलेली. तिनं घास भरवला. तो म्हणाला, मला ठाऊकच नाही तर सांगू काय? तेवढ्यात जमादारानं तिला बाहेर काढलं.

मग गर्दीतून बजरंग तांबट पुढे आला! मला खरंच वाटेना. "आणा तो बेलभंडार." रात्रभर भिंतीपलीकडून नियाजचं ओरडणं ऐकलं म्हणाला. पहाटे आवाज थांबला, तेव्हा आपल्याला बरं वाटलं, निदान झोप तरी लागेल, आणि त्याचीच आता लाज वाटते. सांगता सांगता रडला. मीही रडलो. पंचानं रडू नये, पण रडलो.

मग एकामागून एक उठले. कारकुनाचा हात दुखायला लागला. निघताना बजरंग म्हणाला, "तुम्ही आहात म्हणून बोललो, पंत."

आनंदीबाईंनी ताक दिलं. वर टोमणाही! "दर्ग्यात बसून आलात, आंघोळ करा आधी."

पौष वद्य १३

साक्षी घेऊन दिगंबरपंतांकडे गेलो. बघितल्यासुद्धा नाहीत. "पंचायत देवळात नेमली होती. दर्ग्यात झाल्या त्या गप्पा." मी म्हटलं, अहो, माणूस मेलाय! तर म्हणाले, "पोटशुळानं."

जमादार आजपासून पुन्हा चौकीत.

पौष अमावास्या

बजरंगला नेलं. जमादाराची बदनामी केली म्हणून. भरल्या आळीतून, हात बांधून.

चौकीत गेलो, हाकलून दिलं. सरकारवाड्यात गेलो, दारावरच अडवलं. मग त्याच्या घरी गेलो. बायकोनं दार अर्धंच उघडलं. "आता काय हवंय, पंत? झाली ना तुमची चौकशी?" तो तर पाठ फिरवून सुखात होता. मीच त्याला बोलता केला.

आळीतून आलो. सगळ्या भट्ट्या बंद होत्या. जेवलो नाही. ही असती तर निदान चिडली तरी असती माझ्यावर.

माघ शुद्ध २

शागीर्द आला. उद्या माझी चौकशी. कागद्यांकडून पैसे खाऊन साक्षी पढवल्या म्हणे! पंच एकटे दिगंबरपंत. जागा चौकी.

संध्याकाळी रशीदा दाराशी आली. "उद्या आम्ही सगळे येतो. तुम्ही एक छदाम घेतला नाहीत, कुराणावर हात ठेवून सांगते."

मी म्हटलं, "येऊ नका, बाई. चौकशीत कधी काही होतं का?"

आणि दार लावून घेतलं.